ढोलाविरुद्ध केलेली सही

मी एकदा ढोलाविरुद्ध सही केली आहे. जुन्या नाशिकात वाढलेला, कॉलेजची तीन वर्षं पथकात कमरेला ढोल बांधून फिरलेला माणूस, आणि त्याने ढोल बंद व्हावा म्हणून कागदावर सही केली. हे घरात सांगायलाही मला तीन वर्षं लागली. तेही आता सांगावंच लागलं म्हणून सांगितलं, नाहीतर गोष्टी पोटात ठेवण्यात मी पटाईत आहे.

हे झालं स्वीडनमध्ये. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, त्याची मूळ कंपनी तिकडची. एका वर्षासाठी इथून कुणीतरी हवं होतं. मुलगी दहावीत होती, म्हणून सगळ्यांनी जायचा प्रश्नच नव्हता. बायको म्हणाली, "तुम्ही जाऊन या. आम्ही बघतो इथलं." मी सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि तोवर सलग आठ दिवससुद्धा एकटा राहिलो नव्हतो. कुकर लावता येत होता, एवढंच भांडवल.

गाव अगदी लहान होतं. एक चौक, एक नदी, एक मोठं दुकान आणि आमचा कारखाना. मला दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं होतं. समोर नगरपालिकेचं पार्किंग. बिल्डिंगमध्ये बहुतेक निवृत्त मंडळी. माणसं वाईट नव्हती, पण तिथे एक रीत होती. घरातून निघायच्या आधी दाराला कान लावून ऐकायचं, जिन्यात कुणी आहे का. असेल तर तो जाईपर्यंत आत थांबायचं. म्हणजे त्यालाही बोलायला नको, आपल्यालाही नको. हे मला कळलं तेव्हा मी खूप हसलो, फोनवर बायकोलाही सांगितलं. दोन महिन्यांनी मीही दाराला कान लावायला लागलो होतो, ते मात्र तिला सांगितलं नाही.

गेलो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या शुक्रवारची गोष्ट. संध्याकाळी भात शिजत होता आणि एकदम खाली धडधड सुरू झाली. बाल्कनीत येऊन बघतो तर दहा-बारा गाड्या एकामागोमाग, बैलगाडीच्या चालीने चाललेल्या. आतून दिवे, आरशाला काय काय लटकवलेलं, काचा खाली केलेल्या, पोरंपोरी बाहेर डोकावतायत, आणि गाण्याच्या ठोक्याने माझ्या बाल्कनीची काच थरथरतेय. प्रत्येक गाडीच्या मागे लाल काठाचा एक मोठा त्रिकोण लावलेला. मी मनात म्हटलं, वरात. दुसरं काय असणार? एवढ्या हळू आणि एवढ्या आवाजात माणसं आणखी कशाला जातील? आपल्याकडे वरात दारावरून जाताना कुणी घरात बसत नाही. मी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. पहिल्या गाडीने हॉर्न दिला, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. बाकीच्या खिडक्यांचे पडदे सरकले, बंद व्हायला.

सोमवारी ऑफिसात मी विचारलं, शुक्रवारी लग्न कुणाचं होतं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग शेजारच्या टेबलावरचा माणूस हसत सुटला. तो माझ्याशी हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्याने समजावून सांगितलं ते असं. त्या देशात अठराव्या वर्षापर्यंत गाडीचं लायसन मिळत नाही, पण पंधराव्या वर्षी ट्रॅक्टर चालवता येतो. म्हणून पोरं जुनी गाडी घेतात, मागची सीट काढून टाकतात, इंजिनाला लगाम घालतात म्हणजे तीसच्या वर जाता येत नाही, आणि तिला कागदोपत्री ट्रॅक्टर करून घेतात. तो त्रिकोण म्हणजे 'मी हळू चालणार आहे' असा इशारा. मागे मोकळी झालेली जागा स्पीकरला. रोज शाळा सुटली की गावाला फेऱ्या आणि मग पार्किंगमध्ये मुक्काम. त्यांची गाणीही वेगळी, सगळा ठोका आणि शब्द बहुतेक घाण. "मूर्ख कार्टी आहेत," तो म्हणाला. मला त्यात मूर्खपणा काही दिसेना. आमच्या गल्लीतल्या पोरांना पंधराव्या वर्षी असं काही कायदेशीर मिळालं असतं, तर त्यांनी त्याची पूजा केली असती.

मग तो माझा नेमच झाला. गाड्या आल्या की बाल्कनीत जायचं आणि हात वर करायचे. ते हॉर्न द्यायचे. थंडी पडली, साडेतीनलाच अंधार व्हायला लागला, तरी मी स्वेटरवर जाकीट चढवून बाहेर यायचो. दिवसभरात माझ्याकडे बघून आनंद होणारी तेवढीच माणसं होती. बायकोचा फोन त्या वेळी चालू असला की ती विचारायची, "अहो, मिरवणुकीत आहात का?" मी म्हणायचो, हो, तसंच समज. खाली मात्र मी कधी गेलो नाही. आपलं वय काय, त्यांचं वय काय, असं म्हणायचो. खरं तर खाली गेलो आणि त्यांना नकोसा झालो तर काय, ही धास्ती होती. वरून हात हलवणाऱ्याला कुणी नको म्हणत नाही.

डिसेंबरात मी दुकानात द्राक्षं बघत उभा होतो. खोक्यावर 'इंडिया' लिहिलं होतं. बायकोचं माहेर निफाडकडचं. ती द्राक्षं तिथलीच असतील असं नाही, पण मी खोकं हातात घेऊन वास घेत बसलो आणि शेवटची बस गेली. बाहेर बर्फ पडत होता. पिशव्या घेऊन थांब्यावर उभा होतो, तर त्रिकोणवाली एक निळी गाडी समोर थांबली. काच खाली झाली. सोळाएक वर्षांची मुलगी, डोक्यावर लोकरीची टोपी. "तू बाल्कनीतला ना? बस."

तिथे अहो-जाहो नाहीच. मुख्याध्यापकालाही तू आणि पंतप्रधानालाही तू. इंग्रजीतही ती माझ्याशी तशीच बोलायची, वर्गातल्या मित्राशी बोलावं तशी, म्हणून मी इथे तूच लिहितो. चार किलोमीटरला आम्हाला दहा मिनिटं लागली आणि मागे गाड्यांची रांग लागली. तिला त्याचं काही नव्हतं. ती सांगत होती की गाडी तिने आणि तिच्या आजोबांनी मिळून बनवली. आजोबांकडे स्वतःची लांबलचक जुनी अमेरिकन गाडी होती. तरुणपणी ते आणि त्यांचे मित्र अशाच गाड्या घेऊन, केसांना तेल चोपडून, रॉक अँड रोल लावून चौकात फिरायचे, आणि गाव त्यांनाही शिव्या घालायचं. आता तेच म्हातारे हिच्या दोस्तांना म्हणतात, गोंगाट करू नका. म्हणजे आपला तो बाब्या, हे तिथेही आहेच.

"तुमच्याकडे काय वाजवतात?" तिने विचारलं.

माझ्या फोनमध्ये पथकाची एक चित्रफीत होती. आमच्याच जुन्या पथकाची, आता त्यात पुढची पोरं. मी म्हटलं, हे ऐक. तिने फोन गाडीला जोडला. पहिला टोल पडला आणि सीटखाली काहीतरी हललं. ताशा सुरू झाल्यावर ती गाडी बाजूला घेऊन थांबलीच. संपल्यावर तिने ढोल परत लावला. तीन वेळा ऐकला. मला इतका आनंद झाला होता की मी बाहेर बघत राहिलो. उतरताना ती म्हणाली, माझं नाव तुझ्या लिपीत लिही. मागच्या काचेवर बर्फाचा पातळ थर धरला होता, त्यावर मी बोटाने लिहिलं. "वर रेघ का?" म्हणाली. मी म्हटलं, ती नसली तर अक्षरं सुटी सुटी होतात.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या बाल्कनीखाली आलं की ते नाशिकचा ढोल लावायला लागले. आधी एका गाडीत, मग सगळ्यांत. बारा गाड्यांतून एकदम. मी कठड्यावर हाताने ठेका धरायचो. खालून ती पोरं चुकीच्या जागी टाळ्या वाजवायची. ते दोन-तीन महिने मला घराची आठवण कमी आली असं नाही म्हणणार, पण सोसवत होती.

मार्चमध्ये एक दिवस दाराची बेल वाजली. सात महिन्यांत पहिल्यांदा. माझ्याच मजल्यावरच्या, समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका. सत्तरीच्या, ताठ, नेहमी राखाडी कोट. तोवर त्या मला फक्त 'हेय', म्हणजे तिकडचा नमस्कार, एवढंच म्हणाल्या होत्या, तेही जिन्यात चुकून गाठ पडली तर. म्हणाल्या, रविवारी माझ्याकडे कॉफीला ये, बिल्डिंगमधले सगळे येतायत.

मी शर्टाला इस्त्री केली. इथून आणलेला चिवडा बशीत काढून घेतला, मग बरोबर दिसेना म्हणून परत डब्यात ओतला. दार उघडलं तेव्हा वास आला तो वेलदोड्याचा. तिकडे गोड पावात भरपूर वेलदोडा घालतात. मला ते माहीत नव्हतं. मला आमच्या घरातली दिवाळी आठवली आणि तिथेच, बूट काढता काढता, माझं अवसान गळालं. सहा माणसं टेबलाभोवती बसली होती. त्यांनी सरकून मला जागा केली. कुणीतरी माझ्या कपात कॉफी ओतली, कुणीतरी विचारलं की तुझ्या मुलीची परीक्षा कशी झाली. त्यांना माहीत होतं. ऑफिसातून कळलं असणार.

मग बाईंनी कागद काढला. पार्किंगमधल्या पोरांबद्दल नगरपालिकेला अर्ज. त्यांनी आधी स्वीडिशमध्ये वाचला, मग खास माझ्यासाठी एकेक मुद्दा इंग्रजीत सांगितला, सावकाश, दोन दोन वेळा, चाळीस वर्षं वर्गात समजावत आल्या तसा. धूर. कचरा. घाणेरडी गाणी. आणि चौथा मुद्दा असा की गेल्या काही महिन्यांपासून तिथे कसलातरी परदेशी ढोल वाजतो आणि त्याने भिंती हादरतात. वरच्या मजल्यावरच्या एका वयस्कर गृहस्थांना हृदयाचा त्रास होता, ते मान डोलावत होते. कुणालाच माहीत नव्हतं की तो ढोल कुठला. बाईंनी मला विचारलं, "तुलाही त्रास होत असेल ना? तुझी खोली तर त्याच बाजूला."

मी म्हणू शकलो असतो की तो ढोल माझा आहे. त्या गृहस्थांचा त्रास खरा आहे तर मी पोरांना आवाज कमी करायला सांगतो, असं म्हणू शकलो असतो. ती माणसं भली होती, त्यांनी ऐकलं असतं. पण तोंडात अर्धा पाव होता, मला सरकून जागा केलेली होती, आणि ती जागा जाईल अशी भीती वाटली. मी म्हटलं, "हो, होतो." आणि चौथ्या ओळीवर सही केली. बँकेपासून सगळीकडे मी सही मराठीतच करतो, तशीच तिथेही केली. बाईंनी माझ्या बशीत आणखी एक पाव ठेवला.

एप्रिलमध्ये पार्किंगला अडथळा लागला आणि संध्याकाळी सहानंतर थांबायला मनाई अशी पाटी आली. पोरं नदीपलीकडे, लाकडाच्या वखारीच्या मागे जाऊन थांबायला लागली. माझ्या बाल्कनीसमोर आता नुसतं डांबर. आणि शेजाऱ्यांनी परत कॉफीला बोलावलं नाही. त्यांचं काही चुकलं नाही, काम झालं होतं. मी मात्र पुढचे चार रविवार शर्ट इस्त्री करून बसलो, हे लिहितानाही लाज वाटते.

त्या देशात आणखी एक रीत आहे, ती मला माहीत नव्हती. नगरपालिकेकडे आलेला कागद कुणीही मागून बघू शकतो. का हवाय असंही विचारत नाहीत. त्या मुलीने मागितला. मे महिन्यात एका शनिवारी दुपारी ती बाल्कनीखाली गाडी घेऊन आली, गाणं बंद ठेवून, आणि हाताने मला खाली बोलावलं. गाडी आली म्हणून मी खाली गेलो ते पहिल्यांदाच. तिने फोनवर कागदाचा फोटो दाखवला. बाकी सह्या इंग्रजी अक्षरांत, आणि मध्ये एक वर रेघ असलेली.

"ही तुझी?"

मी म्हटलं, माझी. आणि दुसऱ्या क्षणाला म्हटलं, "मला वाटलं ते कचऱ्याच्या डब्यांबद्दल आहे. मला भाषा कळत नाही ना."

खोटं बोलताना माणूस अडखळतो म्हणतात. मी अजिबात अडखळलो नाही. तिचा चेहरा एकदम सैल झाला. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मला वाटलंच. त्यांनी तुला फसवलं." मी मान खाली घातली. तिला ते दुःख वाटलं असेल.

ती आणि तिच्या दोन मैत्रिणी त्याच दुपारी बाईंच्या दारात गेल्या. परक्या माणसाला भाषा येत नाही याचा फायदा घेता, असं काय काय बोलल्या. मी माझ्या दाराला कान लावून उभा होतो. बाईंचा आवाजच आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जिन्यात भेटल्या, मुद्दाम थांबल्या होत्या. इंग्रजीत म्हणाल्या, "मी तुला दोनदा समजावलं होतं, नाही का?" मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली आणि खाली गेल्या. मुलींना त्यांनी काही सांगितलं नव्हतं, आणि पुढेही सांगितलं नसावं. त्यानंतर मात्र 'हेय'सुद्धा बंद झालं.

जुलैच्या शेवटी मी निघालो. ती मुलगी म्हणाली, स्टेशनवर मीच सोडणार. तीसच्या वेगाने जायचं म्हणून तासभर आधी निघालो. मागे तिच्या दोस्तांच्या आठ गाड्या, सगळ्यांत तोच ढोल, आणि सगळ्यांत मागे आजोबांची लांबलचक गाडी. चौकातली माणसं थांबून बघत होती. एवढ्या थाटात मला लग्नातही कुणी मिरवलं नव्हतं. मी सगळा वेळ माझ्या बुटांकडे बघत बसलो होतो. त्या पोरांची गावातली एकुलती एक जागा मी घालवली होती आणि तीच मला मिरवत होती.

आता मुलगी पुण्याला शिकते. बायको बँकेत, घरी यायला सात वाजतात. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मी सहाला येतो तेव्हा घर रिकामं असतं. विसर्जनाला पथक जवळून जातं, जुने मित्र हाक मारतात, चल रे, एक तरी फेरी मार. मी कंबरदुखीचं सांगतो. कंबर ठणठणीत आहे.

गेल्या महिन्यात त्या मुलीचा मेसेज आला. ती आता एकोणीस वर्षांची, ट्रॅक्टर विकून साधी गाडी घेतलीय. गावच्या वाचनालयात ती आणि तिचे मित्र प्रदर्शन भरवतायत, त्यांच्या गाड्यांचं, गाण्यांचं आणि गावाने त्यांना कसं हुसकावलं त्याचं. त्यात एक फलक माझा करायचा आहे. परक्या माणसाकडून मजकूर न समजावता सही कशी घेतली, त्याचा. बरोबर त्या कागदाचा फोटो. सहीखाली माझं नाव लिहू का, असं विचारलं होतं. बाई अजून तिथेच राहतात, रोज वाचनालयात जातात, हेही तिनेच लिहिलं होतं, जरा खुशीत.

चार दिवस मी उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती आधी ऐकत राहिली. मग म्हणाली, "पाव खाल्लात तो खाल्लात. पण त्याचं खापर त्या बाईंवर कशाला? आजच लिहा." आणि भांडी घेऊन आत गेली. थोड्या वेळाने आतून म्हणाली, "मला का नाही सांगितलंत तेव्हा? मी रोजच फोनवर होते की." 

मी लिहिलं. लांबलचक लिहिलं, मग खोडून तीन ओळी ठेवल्या. मला सगळं कळलं होतं. त्यांनी दोनदा समजावलं होतं. सात महिन्यांत मला पहिल्यांदा कुणी घरात कॉफीला बोलावलं होतं, म्हणून मी सही केली.

तिने वाचलं, ते लगेच दिसलं. मी फोन समोर ठेवून बसलो. फलक करणार नाही असं ती लिहील, किंवा शिव्या देईल, किंवा काहीच लिहिणार नाही, सगळ्याची मी तयारी केली होती. दीड तासाने उत्तर आलं. फलक काढून टाकलाय आणि बाईंकडे उद्या जाणार आहे, एवढं आधी होतं. मग खाली आणखी दोन वाक्यं होती.

"कॉफी आमच्याकडेही असायची, थर्मासमध्ये. आम्ही रोज खालीच होतो."